आण्णांची रंकाळ्याची फेरी बंद केली आणि डोकं मंदावलं? (ज्येष्ठांचा व्यायाम आणि बुद्धी)

केदार_राजारामपुरी | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचे आण्णा, वय ७३. एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याच्या गाडीवर. तिकिटाची मशीन यायच्या आधीचा काळ. चार फुल, तीन हाफ आणि पुढं केलेली शंभराची नोट, एवढं बघितलं की परतीचा आकडा तोंडातून आधी बाहेर पडायचा, हात पिशवीत नंतर जायचा. लहानपणी मी त्यांना पाढ्यांत हरवायला बघायचो. एकदाही जमलं नाही.

रिटायर झाल्यापासून पहाटे साडेपाचला रंकाळ्याची फेरी. सोबत चार-पाच जुने सोबती, त्यातले दोघं ड्रायव्हर. गेल्या श्रावणात शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, पण आम्ही परत जाऊ दिलं नाही. 'आम्ही' म्हणजे मीच. आधी पाऊस आहे म्हणून, मग थंडी आहे म्हणून, मग ऊन लागेल म्हणून. हॉलमध्ये फेऱ्या मारा म्हटलं. दोन दिवस मारल्या, मग टीव्हीसमोरची खुर्ची.

फेब्रुवारीत बायकोच्या लक्षात आलं. आण्णा किराणा दुकानात हातात नोटा धरून नुसते उभे होते. दुकानदाराने किती झाले ते सांगितलं होतं, किती परत यायचे ते त्यांना जुळवता येईना. मग बाकीचंही दिसायला लागलं. दूध तापत ठेवून फोन घेतला की दूध गेलंच. एकावेळी एकच काम. कुणी मध्ये बोललं की चिडचिड.

एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "वय झालं, चालायचंच." आणि चालणं तर आम्ही बंद करून ठेवलेलं!

प्रश्न असा: या वयात व्यायामाने डोक्याला खरंच फरक पडतो का, की ते सकाळच्या फॉरवर्डमधलं ज्ञान आहे? पडत असेल तर कोणता व्यायाम, किती?

---

पेठेतला | रविवार, रात्री १०:४०

भावा, आण्णांना उद्यापासनं तालमीत धाड. आमच्या गल्लीतले वस्ताद ८१ वर्षांचे हायत. रोज हौद्याच्या कडंला बसत्यात, अंगाला मातीचा हात लागल्याबिगर चहा घेत न्हाईत. कोण पोरगं कुठल्या साली कुठल्या डावावर पडलं ते सगळं तोंडपाठ. जोर-बैठका, वर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध. मेंदूबिंदू सगळा जाग्यावर.

---

तिरकस | रविवार, रात्री ११:०५

पेठेतले, वस्ताद ८१व्या वर्षी ठणठणीत आहेत म्हणून तालमीत येतात, की तालमीत येतात म्हणून ठणठणीत आहेत? ज्यांचं डोकं आणि गुडघे गेले ते हौद्याच्या कडेला दिसतच नाहीत. ते घरी असतात. या विषयावर बोलताना सगळे हीच चूक करतात.

---

पेठेतला | रविवार, रात्री ११:०९

तिरकसभाऊ, तुमाला ८१व्या वर्षी बघायचंय मला. 😀

---

अनुस्वार | सोमवार, सकाळी ७:३०

केदार, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरातच. निम्म्याहून जास्त पेशंट साठीच्या पुढचे, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून चारदा येतो.

आधी एक बारकावा. तुम्ही लिहिलंय त्यात जुन्या आठवणी गेल्याचा एकही दाखला नाही. हिशेब मनात धरून ठेवणं, दूध आणि फोन दोन्हींकडे लक्ष ठेवणं, मध्येच तोडलेलं काम परत पकडणं, हे सगळं मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. घरात एखादी कर्ती बाई कशी चुलीवरचं, दारातलं आणि पोराचं एकदम बघते, तसं. वय वाढलं की हे आधी मंदावतं. आणि व्यायामाचा उपयोग दिसतो तोही इथेच सगळ्यात स्पष्ट.

१९९९ साली आर्थर क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. बैठी सवय असलेले ६० ते ७५ वयाचे १२४ जण घेतले. निम्म्यांना सहा महिने चालायला लावलं, निम्म्यांना नुसते ताण देण्याचे आणि अंग मोकळं करण्याचे व्यायाम. चालणारे वर सांगितलेल्या कामांत पुढे गेले, बाकीच्या साध्या कामांत विशेष फरक नाही.

नंतर २०११ मध्ये कर्क एरिक्सन यांच्या गटाने १२० ज्येष्ठांवर वर्षभराचा प्रयोग केला. आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटांपासून सुरू करून चाळीस मिनिटांपर्यंत चालणं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, नवीन गोष्ट लक्षात ठेवण्याचं दार म्हणा. उतारवयात तो दरवर्षी साधारण एक ते दोन टक्क्यांनी आक्रसतो. चालणाऱ्यांमध्ये तो वर्षात सुमारे २ टक्के वाढला, नुसते ताण देणाऱ्यांमध्ये सुमारे १.४ टक्के घटला.

हे का होतं? मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे रक्तवाहिन्या चांगल्या तर मेंदू चांगला. बीपी, साखर आणि झोप या तिन्हींवर चालण्याचा परिणाम होतो. शिवाय बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन आहे, मेंदूच्या पेशींना नवीन फांद्या फुटायला मदत करणारं. व्यायामाने ते वाढतं.

---

तिरकस | सोमवार, सकाळी ९:१५

अनुस्वार, २०११ चा तो पेपर मीही वाचलाय. त्यात एक गोष्ट आहे जी कुठल्याच पेपरवाल्याने छापली नाही. हिप्पोकॅम्पस चालणाऱ्यांचा वाढला हे खरं, पण स्मरणशक्तीच्या चाचणीत दोन्ही गट सारखेच सुधारले. चालणारे ताणवाल्यांच्या पुढे गेले नाहीत. मेंदूचा फोटो सुधारणं आणि माणूस सुधारणं यात फरक आहे.

आणि मोठा प्रयोग विसरलात. अमेरिकेतला 'लाइफ', २०१५ साली निकाल आला. ७० ते ८९ वयाचे १६३५ लोक, दोन वर्षं. एका गटाला चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. शेवटी बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखे. केदारच्या आण्णांना खोटी आशा नको.

---

अनुस्वार | सोमवार, दुपारी २:२०

तिरकस, दोन्ही मुद्दे मान्य. पहिला तर मीच लिहायला हवा होता.

'लाइफ'मध्ये एक बारीक ओळ होती. ज्यांचं वय ८० किंवा त्यापुढे होतं आणि ज्यांची शरीराची क्षमता सुरुवातीला कमी होती, त्यांच्यात तीच पुढच्या भागाची कामं व्यायामाने थोडी बरी राहिली. उपगटातलं निरीक्षण आहे, त्यावर इमला बांधू नये. पण मला त्यात माझे पेशंट दिसतात. धडधाकट माणसाला अर्धा तास जास्त चालवून डोक्यात काय वाढणार? जो खुर्चीत रुतलाय त्याला उठवलं तर फरक दिसतो. आण्णा आठ महिने रुतलेत.

दुसरं, फिनलंडचा 'फिंगर' प्रयोग, तोही २०१५ चाच. ६० ते ७७ वयाचे १२६० जण, दोन वर्षं. त्यांनी व्यायाम एकटा ठेवलाच नाही. आहार, व्यायाम, डोक्याला चालना देणारी कामं आणि बीपी-साखरेवर लक्ष, सगळं एकत्र. तिथे फरक पडला. म्हणजे व्यायाम हे भाजीतलं मीठ धरा. मिठाशिवाय भाजी नाही, पण नुसतं मीठ कोण खातं?

---

सरोजमावशी_६९ | सोमवार, दुपारी ४:०५

मी शास्त्र शिकलेली नाही, पण एक सांगू का. आमच्या कॉलनीत मंगळागौरीच्या खेळांचा गट आहे, वयं ५५ ते ७४. झिम्मा, पिंगा, फुगडी (बसफुगडी आता कुणाला जमत नाही, ते खोटं कशाला सांगू). सुरुवातीला गाणं म्हणायचं तर पाय चुकायचे आणि पाय सांभाळायचे तर गाणं विसरायचं. तीन महिन्यांनी दोन्ही एकदम जमायला लागलं. माझी जाऊबाई तर लेझीम शिकली. लेझमीत घाईचा हात आला की पुढचा पवित्रा आधीच डोक्यात पाहिजे, नाहीतर शेजारणीच्या कपाळावर. हा मेंदूचा व्यायाम नाही तर काय?

---

अनुस्वार | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मावशी, २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ च्या पुढच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास आला होता. वाचन, पट मांडून खेळायचे खेळ, वाद्य वाजवणं या सवयी असणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. शरीर हलवायच्या सवयींत मात्र एकच गोष्ट तशी निघाली, ती म्हणजे नाच. (तिरकस, थांबा. प्रयोग नव्हता, नुसतं निरीक्षण होतं. ज्यांचं डोकं शाबूत तेच नाचत असतील हेही शक्य आहे.) पण ताल, पुढची पायरी आणि समोरच्या माणसाकडे लक्ष, हे तिन्ही एकदम करावं लागतं हे तुमचं निरीक्षण मला पटतं. माझ्या पेशंटना मी आता मावशींचा झिम्माच सांगणार.

---

तिरकस | सोमवार, संध्याकाळी ६:४४

थांबलो.

---

नीलाक्षी | सोमवार, रात्री ११:५०

हा धागा दिवसभर वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझ्या आईला चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. मीही असंच सगळं वाचलं आणि मागे लागले. रोज सकाळी तिला विद्यापीठाच्या आवारात न्यायची. ती थकायची, रडायची, मी म्हणायची "आई, अजून दोन खांब." मला वाटायचं, अजून दोन खांब चालली तर उद्या माझं नाव आठवेल.

नंतर कळलं की इंग्लंडमध्ये ज्यांचा स्मृतिभ्रंश सुरू झालाय अशा ४९४ लोकांवर जोराच्या व्यायामाचा प्रयोग झालाय, २०१८ साली निकाल आला. अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. उलट चाचणीत किंचित जास्तच घसरली.

ते वाचून मी खूप रडले आणि मग सुटल्यासारखं वाटलं. आताही जातो आम्ही. ती दमली की बाकावर बसतो, मोर दिसला तर बघतो. ती रात्री झोपते, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे. केदार, निदान काय आहे ते आधी नीट करून घ्या एवढंच सांगायचं होतं. व्यायामाच्या भरवशावर ते टाळू नका.

---

पेठेतला | मंगळवार, सकाळी ६:१५

ताई, काल मी लई हलक्यात लिवलं. माफी असावी.

---

केदार_राजारामपुरी | मंगळवार, रात्री ९:३०

नीलाक्षीताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. पुढचं काही बोलायला सुचलं नाही दोघांनाही.

आज दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाऊण तास घेतला. घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. (आण्णांनी ९३, ८६, ७९ पर्यंत धडाधड सांगितलं आणि मग "कशाला वजा करताय?" असं विचारलं.) ऐकण्याची तपासणी केली, डावा कान बराच गेलाय. म्हणजे "लक्षात राहत नाही" यातलं निम्मं मुळात ऐकूच येत नसणार. बी-१२, थायरॉइड, मीठ, साखर अशा रक्ताच्या तपासण्या. आण्णा बारा वर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, मन उदास असतं का? मी नाही म्हणणार इतक्यात आण्णा म्हणाले, "मित्र भेटत न्हाईत."

---

जुना_जाणता | बुधवार, सकाळी ५:१०

वय ७६, रोज टाउन हॉल बागेत. केदारराव, वडिलांचं शेवटचं वाक्य परत वाचा.

बाकी कामाच्या गोष्टी. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की उपाशीपोटी चाललं तर साखर घसरते, माणूस गोंधळतो, बडबडतो. लोकांना वाटतं विस्मरण झालं. गोळीची वेळ डॉक्टरीणबाईंना विचारा आणि खिशात गुळाचा खडा ठेवा, आपल्याकडे त्याला तोटा नाही. चप्पल घालून चालायचं नाही, बूट घ्या. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या वर्ज्य, वरचा रस्ता धरायचा. भटकी कुत्री हा मोठा विषय आहे, काठी हातात असावी, टेकायला नसली तरी.

नुसतं चालून भागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचं. मी दात घासताना उभा राहतो. सुनेला वाटलं होतं म्हातारा बिघडला.

---

अनुस्वार | बुधवार, सकाळी ८:००

जुना_जाणता, शंभर टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन तेच सांगतं. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाक होईल असं चालणं, दोन दिवस तरी ताकदीचे व्यायाम आणि ६५ च्या पुढे तीन दिवस तोल सांभाळायचे. मध्यम म्हणजे काय, तर बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

केदार, एक घरगुती गोष्ट बघा. आण्णांबरोबर चालताना त्यांना काहीतरी विचार करायला लावणारं विचारा. ते चालता चालता उत्तर देतात, की उत्तर द्यायला थांबतात? १९९७ साली स्वीडनमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांवर हे बघितलं होतं. बोलायला लागल्यावर जे थांबायचे, ते पुढे जास्त पडले. चालणं आपल्याला आपोआप वाटतं, पण म्हातारपणी त्यालाही डोकं लागतं. दोन्ही कामं एकाच गल्ल्यातून पैसे काढतात.

---

केदार_राजारामपुरी | बुधवार, रात्री १०:००

थांबतात. आत्ताच कॉलनीत चक्कर मारून आलो. "आज कोण आलं होतं?" विचारलं की थांबतात, माझ्याकडे बघतात, उत्तर देतात, मग परत चालायला लागतात. गेल्या वर्षी मला वाटायचं की मी काहीतरी महत्त्वाचं विचारलं म्हणून थांबले.

---

केदार_राजारामपुरी | साडेतीन महिन्यांनी, रविवार, सकाळी ९:४०

धागा वर काढतोय. काही जणांनी निरोपातून विचारलं होतं.

बी-१२ बरंच कमी निघालं. इंजेक्शनं झाली, आता गोळ्या. डाव्या कानाला यंत्र बसवलं (पहिले पंधरा दिवस खिशातच असायचं). डॉक्टरीणबाई म्हणतात सध्या स्मृतिभ्रंशाचं निदान करण्याइतकं काही नाही, पण दर सहा महिन्यांनी यायचं. आणि रंकाळा सुरू झाला. आधी आठवडाभर मी सोबत, दहा मिनिटं. आता जुन्या सोबत्यांबरोबर चाळीस मिनिटं, वरच्या रस्त्याने, बूट घालून. घरी खुर्चीवरून उठाबशा. गुळाचा खडा रोज संपतो, त्याची चौकशी चालू आहे.

तिरकस विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. फरक कशाने पडला मला माहीत नाही. बी-१२ ने, कानाने, चालण्याने की मित्रांनी? सगळं एकदमच सुरू केलं. किराणा दुकानात आता जमतं. दूध अजून दोनदा गेलं. गोळ्यांची डबी मीच भरतो.

---

तिरकस | रविवार, सकाळी १०:०२

विचारणार नव्हतो. चार गोष्टींतली एकही बंद करून बघू नका.

---

सरोजमावशी_६९ | रविवार, सकाळी १०:३०

आणि सुनबाईंना आमच्या गटात पाठवा. सगळं आधी तिच्याच लक्षात आलं होतं.

---

केदार_राजारामपुरी | रविवार, सकाळी ११:१५

मावशी, निरोप दिला. हो म्हणाली.

एक राहिलंच. आज सकाळी मीही फेरीला गेलो होतो. त्या ड्रायव्हरकाकांनी नवीन खेळ काढलाय, चालता चालता आण्णांनी जुन्या रूटचे स्टॉप पुकारायचे. आण्णा सुरू झाले. फुलेवाडी, बालिंगा, कोपार्डे, कळे. पाय चालूच होते, मी मुद्दाम बघत होतो. कळ्यापुढं अडखळले आणि जागीच उभे राहिले. सगळे थांबले. मागून काका हळूच म्हणाले, "असळज राहिलं की ओ मास्तर."

आण्णा म्हणाले, "म्हाईत हाय. पॅसेंजर उतरत होता."